श्लागिन्टवाइट : एका विरळ आडनावाचा माग

म्युलर, श्मिट, श्नायडर, फिशर. जर्मनीत कुठल्याही गावात दारावरच्या पाट्या वाचत निघालं की ही चार आडनावं भेटतातच. गिरणीवाला, लोहार, शिंपी आणि कोळी. २००५ साली जर्मन टेलिफोन कंपनीकडे घरगुती फोनची जी यादी होती, तिच्यात एकट्या म्युलरच्या अडीच लाखांहून जास्त नोंदी होत्या. याचं कारण साधं आहे. ओढ्याकाठी गिरणी नाही असं गाव नव्हतं, त्यामुळे गावोगाव आपापले म्युलर तयार झाले. हॅम्बुर्गच्या म्युलरचं म्युनिकच्या म्युलरशी काही नातं असण्याची गरज नाही आणि बहुधा ते नसतंच. अशा आडनावाचा इतिहास लिहायला बसणं म्हणजे सगळ्या देशाचा इतिहास लिहायला बसणं.

या पुस्तकाचा विषय त्या यादीच्या दुसऱ्या टोकाचा आहे. जर्मनीत आडनावांचे प्रकार आठ-दहा लाखांच्या घरात भरतात आणि त्यांतल्या फार मोठ्या भागाला बोटांवर मोजण्याइतकीच कुटुंबं उरलेली आहेत. या गर्दीतलं ‘श्लागिन्टवाइट’ हे आडनाव मी निवडलं. आग्नेय जर्मनीतल्या बव्हेरियाच्या बाहेर हे आडनाव क्वचित दिसतं, खुद्द जर्मन माणसालाही ते पहिल्या झटक्यात धड उच्चारता येत नाही, आणि तरीही हिमालयाच्या, तिबेटच्या, मध्य आशियाच्या अभ्यासकांना ते चांगलं ठाऊक आहे. मुंबई बंदरात १८५४ च्या ऑक्टोबरात उतरलेल्या तीन भावांचं ते आडनाव. मराठी वाचकाने या नावाकडे वळावं याला तेवढा धागा पुरे.

आधी नावाची फोड करू, कारण पहिला प्रश्न तोच येतो. ‘श्लाग’ म्हणजे मार, हाण, घाव घाल. ‘इन’ म्हणजे आत. मधला ‘ट’ हे बव्हेरियन बोलीत आखडून गेलेलं उपपद. आणि ‘वाइट’. सगळं मिळून कुणाला तरी दिलेला हुकूम तयार होतो : ‘घाव घाल त्या... मध्ये’. जर्मन नामशास्त्रात अशा आडनावांना वाक्यनावं म्हणतात. आपल्याकडे वाघमारे किंवा डोईफोडे या आडनावांत क्रियापद आहेच, पण तिथे ते करणाऱ्याकडे बोट दाखवतं. जर्मन वाक्यनाव माणसालाच आज्ञा देतं, किंवा त्याच्याच तोंडचं बोलणं त्याच्या गळ्यात बांधतं. श्लुकेबीअर म्हणजे ‘बिअर ढोस’. ब्लाइबट्रॉय म्हणजे ‘इमानी राहा’. चौदाव्या शतकातला भाटकवी पेटर सूखेनविर्ट याच्या नावाचा अर्थ ‘यजमान शोध’. हासेनफ्लूग म्हणजे ‘नांगराचा तिटकारा कर’. या शेवटच्या आडनावाच्या बहिणींनी कासेल शहरात ग्रिम बंधूंना बऱ्याच परीकथा सांगितल्या. त्यांच्या भावाशी, लुडविग हासेनफ्लूगशी, ग्रिमांच्या एकुलत्या एका बहिणीचं लग्न झालं. पुढे हा मेहुणा हेसेन संस्थानात मंत्री झाला आणि इतका नावडता झाला की लोकांनी त्याच्या आडनावाची अक्षरं फिरवून ‘हेसेनचा शाप’ अशी कोटी केली. आडनावाची थट्टा करण्यात जर्मन माणूस आपल्याहून तसूभर मागे नाही.

ही नावं पडली कुणाला? स्थिरस्थावर, जमीनजुमला असलेल्या माणसाला सहसा नाही. एका उस्तादाकडून दुसऱ्याकडे हिंडणारे कारागीर, भाडोत्री सैनिक, गाणारे-वाजवणारे, आणि चोर-भामटेसुद्धा, अशा फिरत्या लोकांत टोपणनावांची चंगळ असे. नव्या कारागिराला बिरादरीत घेताना त्याची टवाळी करत एखादं नाव चिकटवण्याची रीतच होती. टोपणनाव एका माणसाबरोबर संपायला हवं. पण बाराव्या शतकापासून आधी पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या शहरांत, मग हळूहळू खेड्यांत, दुसरं नाव बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक जर्मन प्रदेशांत ते पक्कं झालं. त्या घडीला ज्याला जे टोपणनाव चिकटलेलं होतं, ते त्याच्या वंशजांच्या कपाळी कायमचं आलं.

आता अडतं ते शेवटच्या ‘वाइट’पाशी. सरळ वाचलं तर ‘वाइट’ म्हणजे विस्तीर्ण, लांबवर पसरलेलं. म्हणजे ‘हाण मोकळ्या पसाऱ्यात’. आडदांडपणे हात फिरवणाऱ्या, दाही दिशांना तलवार चालवणाऱ्या माणसाचं चित्र डोळ्यांपुढे येतं. या वाचनाला एक सख्खं भावंडही आहे, श्लागिन्हाउफेन : ‘हाण त्या जमावात’. सोळाव्या शतकातल्या भाडोत्री सैन्यात ‘हाउफेन’ म्हणजे भालेकऱ्यांचा दाट जथा, त्यामुळे हे नाव शिपाईगिरीतलं वाटतं. (मार्टिन ल्यूथरच्या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा टिपून ठेवणाऱ्यांत एक योहानेस श्लागिन्हाउफेन होता. नावाच्या मानाने फारच निरुपद्रवी धंदा.) दुसरं वाचन असं की हा ‘वाइट’ म्हणजे लाकडासाठीचा जुना शब्द ‘विटं’. मग अर्थ होतो ‘घाव घाल लाकडात’ आणि आडनाव लाकूडतोड्याचं ठरतं. बव्हेरियाच्या पूर्व सीमेवरच्या घनदाट जंगलाचा विचार केला की हे वाचन मोहात पाडतं.

मोह आवरायला हवा असं मला वाटतं. जुन्या जर्मनमधला दीर्घ ‘ई’ बव्हेरियन-ऑस्ट्रियन पट्ट्यात बाराव्या शतकापासूनच ‘आइ’ होऊ लागला. ‘मीन’चा ‘माइन’ झाला, ‘वीट’चा ‘वाइट’ झाला. लाकडाच्या शब्दातला ‘इ’ मात्र ऱ्हस्व होता आणि ऱ्हस्व ‘इ’ या वाटेने गेला नाही. हुदहुद पक्ष्याचं जर्मन नाव ‘वीडेहोप्फ’ आहे. त्याच्या पहिल्या भागात हाच लाकडाचा शब्द असल्याचं परंपरेने मानतात आणि तिथे आजही ‘वी’च ऐकू येतं. तेव्हा उच्चाराचे नियम मोकळ्या पसाऱ्याच्या बाजूने कौल देतात. तरीही एक पळवाट उरते. लाकडाचा शब्द वापरातून गेल्यावर कुणा पाद्र्याने कानावर पडलेल्या नावाला ओळखीचा शब्द जोडून ते ‘वाइट’ असं लिहिलं असेल, तर नियम काही करू शकत नाहीत. आडनावांच्या बाबतीत असं वारंवार घडलेलं आहे. म्हणूनच व्युत्पत्तीचं प्रकरण या पुस्तकात मी आखूड ठेवलं. आडनावाच्या अर्थावर पानं भरणं सोपं असतं. पण माणसं कुठे होती, किती होती आणि कुठून कुठे गेली हे त्या अर्थातून फारसं कळत नाही.

ते कळतं नकाशातून. माइन्त्स आणि फ्रायबुर्ग इथल्या अभ्यासकांनी कोनराड कुंत्से आणि दामारिस न्यूबलिंग यांच्या नेतृत्वाखाली जर्मन आडनावांचा मोठा नकाशासंग्रह सिद्ध केला. २००९ ते २०१८ या काळात त्याचे सात खंड निघाले. आधार होता त्याच २००५ च्या टेलिफोन यादीचा. ही कल्पना कुणाला बाळबोध वाटेल, पण तिच्यात मोठी खुबी आहे. शेकडो वर्षं उलटली, युद्धं झाली, रेल्वे आली, तरी बहुतेक आडनावं अजून आपल्या जन्मगावाच्या आसपासच दाट आहेत. विरळ आडनावाच्या बाबतीत नकाशा आणखी बोलका होतो. ठिपके पाच ठिकाणी विखुरलेले असतील तर नाव पाच ठिकाणी वेगवेगळं जन्मलं असण्याचा संभव असतो. ठिपक्यांचा एकच पुंजका असेल तर सगळे एकाच घरातून निघालेले असण्याची शक्यता फार वाढते. श्लागिन्टवाइट या दुसऱ्या जातीचं आहे. त्याचा मूळ प्रदेश पूर्वेकडचा लोअर बव्हेरिया, आणि शिवाय राजधानी म्युनिक, जिथे बव्हेरियातलं प्रत्येक आडनाव कधी ना कधी नोकरी-शिक्षणासाठी येऊन पोचतंच.

टेलिफोन यादी पुरावा म्हणून वापरताना हात जरा राखून वापरावा लागतो. एका नोंदीमागे घरातली दोन-तीन माणसं धरायची, हा निव्वळ अंदाज. आपलं नाव छापू नका असं सांगणारे आणि फक्त मोबाइल बाळगणारे यादीत नाहीतच. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून हाकलून दिलेले लाखो जर्मन बव्हेरियात येऊन स्थिरावले, त्यामुळे सायलीशियाची नि बोहेमियाची आडनावं आज बव्हेरियन असल्यासारखी दिसतात. म्हणून अभ्यासक १९४२ च्या टेलिफोन यादीकडेही वळतात. तिच्यात वेगळीच मेख आहे. तेव्हा फोन असायचा डॉक्टरकडे, वकिलाकडे, दुकानदाराकडे. जंगलातल्या शेतकऱ्याकडे कुठला? म्हणजे आडनाव जिथे सर्वांत दाट, नेमकी तीच जागा जुन्या यादीत ओस दिसायची.

त्याहून मागे जायचं तर चर्चच्या वह्या. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहांची नोंदवही ठेवणं पाद्र्यांवर बंधनकारक केलं, आणि बाप्तिस्म्याच्या वहीची रीतही तेव्हापासून रुळली. पण बव्हेरियाच्या खेड्यांत वह्या नियमित दिसू लागतात त्या बऱ्याच उशिरा, आणि तीस वर्षांच्या युद्धात पुष्कळ जळाल्या. लोअर बव्हेरियाचा मोठा भाग पासाउच्या धर्मप्रांतात येतो. त्याच्या वह्या आता संगणकावर बसून पाहता येतात, ही आमच्यासारख्यांची चैन.

एक नोंद कशी दिसते ते सांगतो. कुर्रेंट नावाच्या तिरक्या घसट्या लिपीत ‘ए’ आणि ‘एन’ हे जवळपास सारखेच, दोन छोटे चढ. ‘यू’वर एक चंद्रकोर काढतात, ती नसली की तोही ‘एन’च. श्लागिन्टवाइट हे रोमन लिपीत तेरा अक्षरांचं लांबलचक नाव ओळीच्या कडेला आलं की पाद्री ते मोडतो, आखडतो, कधी मधला ‘ट’ गाळतो, कधी शेवटी दोन ‘ट’ देतो. कारण शुद्धलेखन असं काही नव्हतंच, कानाला आलं ते लिहिलं. बाई असेल तर नावाला ‘इन’ प्रत्यय लागायचा. श्लागिन्टवाइटिन. आधुनिक सूचीत हा प्रत्यय मूळ नावाचाच भाग समजून घातला गेला तर एक नसलेलंच आडनाव जन्माला येतं. साऱ्या जर्मन राज्यात सरकारी नोंदणी कार्यालयं १८७६ पासून सुरू झाली आणि ज्याचं जे स्पेलिंग त्या दिवशी कागदावर चढलं ते गोठलं. दोन सख्ख्या भावांची आडनावं एका अक्षराने वेगळी राहिल्याची उदाहरणं त्यातूनच आली.

आणि घरनावाचा गुंता तर पुरता बव्हेरियन. तिथे प्रत्येक शेतवाडीला स्वतःचं नाव असे आणि त्या वाडीत राहणाऱ्याला सारं गाव वाडीच्या नावानेच हाक मारत असे. वहीतलं आडनाव पाद्र्यालाच ठाऊक. एखादा तरुण वाडीच्या विधवेशी लग्न करून घरजावई झाला की त्याच्यावर वाडीचं नाव चढे आणि कधीकधी त्याच्या मुलांच्या नोंदीही त्याच नावाने होत. वंशवृक्ष अशा जागी अचानक तुटतो. वंश संपलेला नसतो, फक्त पाटी बदललेली असते.

योझेफ श्लागिन्टवाइट १७९१ साली जन्मला तो रेगेन या गावी, बव्हेरियाच्या त्याच जंगलपट्ट्यात. म्युनिकला जाऊन तो डोळ्यांचा नामांकित शस्त्रवैद्य झाला. आडनाव जंगलातून राजधानीत आलं ते असं. त्याच्या मुलांनी ते जगभर नेलं. थोरला हेर्मान आणि त्याच्या पाठचा आडोल्फ यांनी विशीतच आल्प्स पर्वताच्या भूगोलावर काम करून अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टची मर्जी संपादन केली. हुम्बोल्टच्या शिफारशीवरून प्रशियाचा राजा आणि ईस्ट इंडिया कंपनी यांनी दोघांना हिंदुस्थानात चुंबकीय मोजणीसाठी धाडलं. धाकटा रोबेर्टही बरोबर निघाला, वय अजून एकवीसही नाही. निघण्याआधी महिना-दीड महिना वडील वारले होते. मुंबईत उतरून पुढे पुण्यावरून दख्खन ओलांडत ते मद्रासकडे गेले. तिथून कलकत्ता, आणि मग हिमालय.

पुढची हकीगत या पुस्तकात सविस्तर येईल, इथे ओझरतीच सांगतो. ऑगस्ट १८५५ मध्ये आडोल्फ आणि रोबेर्ट गढवालच्या अबी गामिन शिखरावर सुमारे ६,७८५ मीटरपर्यंत चढले. शिखर हुकलं, पण तोवर इतक्या उंचीवर कुणी पोचल्याची नोंद नव्हती. दुसऱ्या वर्षी हेर्मान आणि रोबेर्ट यांनी काराकोरम आणि त्यापलीकडची कुनलुन रांग ओलांडली. आडोल्फ १८५७ मध्ये एकटाच त्याच वाटेने आणखी पुढे काश्गरला पोचला. तिथे बंड करून सत्तेवर आलेल्या वली खानाने त्याचं डोकं उडवलं. ही बातमी खात्रीने बाहेर आणली ती रशियन सेवेतल्या चोकान वलिखानोव या कझाक विद्वानाने, व्यापाऱ्याच्या वेशात काश्गरला जाऊन. एडुआर्ड हा आणखी एक भाऊ बव्हेरियाच्या सैन्यात होता, तो १८६६ च्या युद्धात किसिंगेनच्या लढाईत पडला. एमील हिंदुस्थानात कधीच आला नाही. बव्हेरियाच्या प्रशासनात नोकरी करता करता भावांनी आणलेल्या हस्तलिखितांच्या जोरावर तो तिबेटी बौद्ध धर्माचा अभ्यासक झाला आणि त्याचं या विषयावरचं पुस्तक १८६३ मध्ये इंग्रजीत निघालं.

या भावांनी केलेलं सगळंच काम आज मान ताठ ठेवून सांगण्याजोगं नाही. जिवंत माणसांच्या चेहऱ्यांवर प्लास्टर थापून त्यांनी पावणेतीनशेच्या आसपास साचे घेतले आणि त्यांच्या प्रती युरोपातल्या संग्रहालयांना विकायला काढल्या. साचा वाळेपर्यंत डोळे मिटून, श्वास सांभाळत पडून राहिलेल्या माणसांना काय वाटलं ते भावांच्या जाड खंडांत शोधू नये. ख्रिस्टोफर क्लोएबले या जर्मन कादंबरीकाराने २०२० मध्ये ती उणीव आपल्या परीने भरून काढली. त्याच्या कादंबरीत ही सगळी मोहीम मुंबईतला एक अनाथ मुलगा सांगतो.

आडनावांच्या अभ्यासकाला मात्र भावांच्या प्रवासवृत्ताचा तिसरा खंड सोडवत नाही. त्यात हेर्मानने हिंदुस्थान आणि तिबेटमधल्या स्थलनामांचा कोश दिला आहे : उच्चार कसा करायचा, फोड काय, अर्थ काय. आपलं आडनाव इंग्रजांच्या जिभेवर अडखळत होतं, त्याचा अर्थ स्वतःच्या भाषेत वादात होता, आणि हा गृहस्थ आपल्या गावांच्या नावांचे अर्थ लावत बसला होता. त्या कामामागे किती मुनशी, दुभाषे आणि हमाल राबले असतील याचा अंदाज कुणालाही बांधता येईल.

हेर्मानच्या आडनावाला शेपूटही फुटलं. कुनलुन ओलांडल्याबद्दल १८६४ मध्ये ‘झाक्युनल्युन्स्की’ ही पदवी त्याच्या नावाला जोडली गेली. रशियन धाटणीचा हा शब्द, ‘कुनलुनपलीकडचा’ अशा अर्थाचा. बाल्कन पर्वत ओलांडणाऱ्या डीबिच सेनापतीला रशियाने ‘झाबाल्कान्स्की’ केलं होतं, त्याच साच्यातला. श्लागिन्टवाइट-झाक्युनल्युन्स्की. याहून विरळ आडनाव जगात सापडणं मुश्कील, कारण ते एकाच माणसासाठी घडवलं गेलं.

इथेच विरळ आडनावाच्या अभ्यासातला सर्वांत मोठा खड्डा आहे आणि वाचकांपैकी अनेकजण त्यात पाय घालतील म्हणून तो आधीच दाखवून ठेवतो. एका घराण्याची कीर्ती झाली की आडनाव त्या घराण्याच्याच मालकीचं वाटू लागतं. कुठेही श्लागिन्टवाइट भेटला की ‘हिमालयवाले का?’ असं विचारलं जातं. वस्तुतः म्युनिकच्या डॉक्टरचं घर ही एका झाडाची एक फांदी. रेगेनच्या आसपास वाड्यांवर, पाणचक्क्यांवर राहिलेले चुलतभाऊ कुठल्याही चरित्रकोशात नाहीत, पण आडनाव टिकलं असेल तर ते त्यांच्याच जिवावर. फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४ च्या सुमारास गणिताने दाखवलं की प्रत्येक पुरुषाला सरासरी एकच मुलगा होत राहिला, तर कुठल्याही एका पुरुषाची वंशरेषा कधीतरी निव्वळ योगायोगाने संपतेच. विरळ आडनावाकडे अशा रेषा मुळातच थोड्या. एक भाऊ काश्गरला, एक किसिंगेनला, आणि पाहता पाहता झाड विरळ होतं.

बायकांच्या बाजूने नाव पुढे जायची सोय जर्मन कायद्याने फार उशिरा केली. लग्नानंतर दोघांनी आपापलं आडनाव ठेवायची मोकळीक नव्वदच्या दशकात आली. नवरा-बायको दोघांनीही जोडआडनाव घेण्याची आणि ते मुलांना देण्याची मुभा तर १ मे २०२५ पासूनची. मनाला आलं म्हणून आडनाव बदलणं अजूनही सहज जमत नाही, सबळ कारण दाखवावं लागतं. त्या कायद्याची जन्मतारीख १९३८ ची आहे. तो काळ आठवला की वंशावळींच्या छंदाबद्दल थोडं सावध होणं बरं. चर्चच्या याच वह्या तेव्हा ‘रक्त शुद्ध’ असल्याचे दाखले काढण्यासाठी देशभर उलटल्या-पालटल्या गेल्या, आणि त्या दाखल्यांवर लोकांच्या नोकऱ्या आणि पुढे प्राण ठरले. यापुढच्या प्रकरणांत कुठे कुणाच्या वंशाचा अभिमान डोकावताना दिसला, तर तो त्या त्या कागदाचा समजावा.

पुस्तकाचे भाग तीन. पहिल्यात वाक्यनावांचं कुळ, दुसऱ्यात लोअर बव्हेरियातल्या वह्या आणि नकाशे, तिसऱ्यात योझेफची मुलं. ज्यांना गोष्टीची ओढ आहे त्यांनी खुशाल तिसऱ्यापासून सुरुवात करावी, पहिला भाग नंतर वाचला तरी काही बिघडत नाही. हयात असलेल्या खासगी व्यक्तींची नावं, पत्ते आणि नाती कुठेही दिलेली नाहीत.

उच्चाराबद्दल एक सूचना. जोर पहिल्या ‘श्ला’वर द्यायचा. ‘श्लागिन्-ट-वाइट’ असं तीन तुकड्यांत म्हटलं की जीभ अडत नाही. शेवटचा ‘वाइट’ मराठी ‘वाईट’सारखा ओढू नये. मुद्रितं तपासताना तो दीर्घ झालेला मला जागोजागी सापडला, तरीही एखादा सुटलाच असेल.